इन्सुलिन : लाल टोपण, केशरी टोपण

(स्नेहमेळाव्यात, धायरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाचा मेनू ठरवताना आपल्या ग्रुपवर महिनाभर जो गोंधळ चालला, त्यातून हे भाषण निघालं. प्रश्न साधा होता, श्रीखंड की गुलाबजाम. पण उत्तरं यायला लागली ती अशी : "मला गोड नको", "माझा चहा बिनसाखरेचा सांगा", "जेवण एकच्या आत मिळेल ना, मला इंजेक्शन घ्यायचं असतं". शेवटचा निरोप ज्याने टाकला त्याने तो पाच मिनिटांत काढूनही टाकला. बहुतेकांनी तोवर वाचला होता. मग संयोजकांचा मला फोन आला, "तुझ्या घरी इतकी वर्षं इन्सुलिन चालू आहे, तूच बोल."

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहिते. माझी आई चौदा वर्षं इन्सुलिन घेते, आणि घरात एखादी गोष्ट चौदा वर्षं चालली की तिच्या खोलात शिरल्याशिवाय इंजिनिअरला चैन पडत नाही. तेव्हा कोणतं इन्सुलिन आणि किती युनिट हे मला विचारू नका, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. बाटलीवर काय लिहिलेलं असतं, ते शरीरात जाऊन काय करतं आणि टोचताना घरोघरी कुठे चुकतं, एवढंच मी सांगणार आहे.

आधी एक गोष्ट बोलून टाकते, कारण काढून टाकलेला तो निरोप माझ्या डोक्यातून गेलेला नाही. इन्सुलिन सुरू झालं म्हणजे 'संपलं', किंवा आपण पथ्य पाळलं नाही म्हणून मिळालेली ही शिक्षा, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. डॉक्टर सुद्धा कधीकधी "नीट राहिला नाहीत तर इंजेक्शन देईन" असं पेशंटला घाबरवतात, आणि मग खरोखर गरज पडते तेव्हा पेशंट पळून जातो. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी वर्षानुवर्षं थोड्या थोड्या थकत जातात. गोळ्या त्या पेशींकडून काम करून घेतात, किंवा आहे ते इन्सुलिन नीट वापरायला शरीराला मदत करतात. कारखान्यात माल तयारच होईनासा झाला की बाहेरून आणावा लागतो, इतकी ती साधी गोष्ट आहे. शिवाय 'एकदा सुरू झालं की सुटत नाही' हेही सरसकट खरं नाही. मोठं ऑपरेशन, गरोदरपण, जोराचा संसर्ग अशा वेळी काही आठवडे किंवा महिने इन्सुलिन देतात आणि नंतर अनेकांचं बंद होतं. टाइप १ ची गोष्ट वेगळी. त्यात पेशी जवळजवळ नष्टच झालेल्या असतात, तिथे इन्सुलिन म्हणजे श्वास. टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन कुणा महाराजांच्या काढ्यासाठी बंद केलं तर ते मूल काही दिवसांत जिवाला मुकू शकतं. हे मी मुद्दाम कडक शब्दांत सांगतेय.

आणि आपल्या चाळिशीतच हे का, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या पुण्यातच झालेलं काम पाहावं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण कमी वजनाच्या आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. हडकुळी दिसणारी, आतून चरबी बाळगणारी ही बाळं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा "मी तर बारीक आहे, मला कुठली शुगर" म्हणणाऱ्यांनी तो फोटो जरूर शोधावा. देशभरात केलेल्या पाहणीत, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आपला वर्ग काही आभाळातून पडलेला नाही.

आता इन्सुलिनकडे वळते. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जपून बोलते.

इन्सुलिन हे प्रथिन आहे, ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. प्रथिन असल्यामुळेच ते गोळी करून गिळता येत नाही. पोटात गेलं की डाळ-उसळीसारखं पचून जातं. म्हणून टोचणं आलं. १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी, मॅकलिऑड यांच्या प्रयोगशाळेत, ते कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून काढलं. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. मग कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो रात्रंदिवस खपून शुद्ध केला आणि २३ तारखेला पुन्हा टोचला. मुलगा वाचला, पुढे तेरा वर्षं जगला. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने ढकलणं एवढाच उपचार होता. शोध लावणाऱ्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. आज पेनाचा खोका विकत घेताना मला ते हमखास आठवतं.

पुढची साठ वर्षं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून येत होतं. १९८२ साली अमेरिकेत जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. माणसाच्या इन्सुलिनचा जनुक जिवाणूत घालायचा आणि त्याच्याकडून माल काढायचा. आणि आपल्याकडे? २००३ साली वोक्हार्टने 'वोसुलिन' आणलं, भारतीय कंपनीने बनवलेलं पहिलं असं मानवी इन्सुलिन. त्यांचा कारखाना आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथे जिवाणूऐवजी एका जातीचं यीस्ट कामाला लावलं होतं. पाठोपाठ बंगळुरूच्या बायोकॉनचं आलं. मराठवाड्यातली एमआयडीसी म्हटली की आपल्याला स्कूटर आणि बिअर आठवते, तिथे हेही होतं ते कुणी सांगत नाही.

प्रकार समजून घ्यायचे तर आधी निरोगी शरीर काय करतं ते पाहू. धायरीकरांना उदाहरण सोपं आहे. २०१७ साली आपण महापालिकेत गेलो, तरी नळ आणि टँकर या दोन गोष्टी आपल्याला वेगवेगळ्या कळतात. स्वादुपिंडसुद्धा दोन पद्धतींनी इन्सुलिन सोडतं. एक, नळाची बारीक धार, दिवसरात्र, आपण झोपलेलो असतानाही. दुसरा टँकर, जेवल्यावर येणारा आणि तासा-दोन तासांत रिकामा होणारा. बाटल्यांचे झाडून सगळे प्रकार या दोनपैकी कशाची तरी नक्कल करतात.

टँकरवालं जुनं इन्सुलिन म्हणजे 'रेग्युलर', अॅक्ट्रापिड वगैरे. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ. पण टोचल्यावर अर्ध्या तासाने काम सुरू करतं, दोन ते चार तासांनी जोरात असतं, सहा-आठ तास रेंगाळतं. एवढा उशीर का? इन्सुलिनचे रेणू बाटलीत सहा-सहाच्या टोळक्याने, जस्ताला धरून बसलेले असतात. टोळकं फुटून एकेक सुटा झाल्याशिवाय रक्तात शिरता येत नाही. म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं.

यावर १९९६ साली निघालेला उपाय मला फार आवडतो. इन्सुलिनच्या दुसऱ्या साखळीत २८ आणि २९ या जागांवर प्रोलिन आणि लायसिन असतात. त्यांची फक्त अदलाबदल केली. बस. दोन अक्षरं इकडची तिकडे. तेवढ्याने टोळकं नीट बांधलं जाईना, रेणू लगेच सुटे होऊ लागले आणि दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू. हे लिस्प्रो, म्हणजे हुमॅलॉग. त्याच घराण्यातलं अॅस्पार्ट, म्हणजे नोव्होरॅपिड. आमच्या धंद्यात दोन अक्षरं उलटी टाइप केली तर रात्रभर जागावं लागतं. इथे त्याच्यावर औषध उभं राहिलं.

नळाच्या धारेसाठी सगळ्यात जुनी युक्ती डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांची. माशांपासून मिळणारं प्रोटामाइन नावाचं प्रथिन इन्सुलिनला जोडलं की ते हळूहळू विरघळतं. एनपीएच या नावातला 'एच' म्हणजे हागेडॉर्न. इन्सुलाटार्ड हे याच जातीचं. दिसायला दुधाळ, आणि खाली साका बसतो. याची अडचण म्हणजे ते सपाट चालत नाही, मध्येच त्याला चढ येतो. रात्री घेतलं तर तो चढ बरोबर मध्यरात्री-पहाटे, माणूस झोपेत असताना. पुढे २००० साली ग्लार्जिन आलं, लँटस किंवा बेसालॉग. याची गंमत बघा, बाटलीत ते आम्लधर्मी द्रवात विरघळलेलं असतं. त्वचेखाली गेलं की तिथली आम्लता वेगळी, त्यामुळे बारीक बारीक स्फटिक होऊन बसतं आणि मिठाच्या खड्यासारखं हळूहळू विरघळत राहतं, जवळपास चोवीस तास. म्हणूनच ग्लार्जिन दुसऱ्या कुठल्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नाही, सगळी रचनाच बिघडते. आणि ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, म्हणून 'स्वच्छ म्हणजे जेवणाआधीचं' हा जुना नियम आता चालत नाही. नाव वाचा. डेग्लुडेक, म्हणजे ट्रेसिबा, याहून लांब चालतं, चाळीस तासांच्या पुढे. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इन्सुलिनला युरोपात २०२४ मध्ये परवानगी मिळाली आहे.

आणि मग आपल्या देशात घरोघरी दिसणारं मिश्रण, मिक्स्टार्ड ३०/७०. तीस टक्के टँकर, सत्तर टक्के नळ, एकाच बाटलीत. दिवसातून दोनदा टोचलं की झालं. सोपं आहे, स्वस्त आहे, आणि म्हणूनच माझ्या आईच्या पिढीतले निम्मे लोक यावर आहेत असं आमच्या इमारतीत तरी दिसतं. पण मिश्रण घेणाऱ्याला जेवणाची वेळ चुकवून चालत नाही, कारण टँकर निघालेला असतो. संकष्टीला चंद्रोदय साडेनऊला आणि इन्सुलिन मात्र साडेसातला रोजच्यासारखं, हे घरोघरी होतं. उपास करायचाच असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते. गणिताच्या सरांनी आयुष्यभर आपल्याला एकच सांगितलं, एकक लिहा, एकक लिहा. नुसतं 'वीस' लिहिलं की मार्क कापायचे. १९९९ साली अमेरिकेचं मंगळावर गेलेलं यान एका टीमने पाउंड आणि दुसरीने न्यूटन धरल्यामुळे नष्ट झालं. आपल्याकडे तसं यान रोज घरात उडतं, त्याची बातमी होत नाही एवढंच.

आपल्या देशात इन्सुलिनची काचेची बाटली बहुतेक यू-४० असते, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनात बसणारं काडतूस यू-१०० असतं, एक मिलिलिटरमध्ये १०० युनिट. बाटल्यासुद्धा काही यू-१०० मिळतात. त्यामुळे सिरिंजही दोन. यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची केशरी. सिरिंजवरच्या खुणा 'युनिट' म्हणून छापलेल्या असतात, पण त्या त्याच ताकदीच्या औषधासाठी खऱ्या. दुसऱ्या ताकदीचं औषध भरलं की तीच खूण खोटं बोलते.

आमच्या सोसायटीतले एक आजोबा. पेन अडकलं, बटण दाबलं जाईना. रविवारची संध्याकाळ. नातवाने खालच्या मेडिकलमधून सिरिंज आणली. दुकानदाराने 'इन्सुलिनची सिरिंज' म्हणून लाल टोपणाची दिली, कोणत्या औषधासाठी हे विचारलं नाही. नातवाने पेनातलं काडतूस काढलं, त्याच्या रबरात सुई घातली आणि नेहमीच्या सोळा युनिटसाठी सोळाच्या खुणेपर्यंत भरलं. हिशोब करा. यू-४० च्या सिरिंजवर सोळाची खूण म्हणजे ०.४ मिलिलिटर. काडतुसातलं औषध यू-१००. म्हणजे गेले ४० युनिट. अडीचपट. रात्री दहाच्या सुमाराला आजोबा घामाने भिजले, असंबद्ध बोलायला लागले. घरच्यांना वाटलं पॅरालिसिसचा झटका. माझ्या आईने ग्लुकोमीटर नेलं म्हणून कळलं, साखर ३८. दवाखान्यात दोन रात्री काढून ते घरी आले, आज ठणठणीत आहेत. नातू बी.कॉम. झालेला, हुशार मुलगा. त्याला कुणी हे दोन रंग सांगितलेच नव्हते.

उलटही होतं. यू-४० ची बाटली आणि केशरी टोपणाची सिरिंज. तिथे वीसच्या खुणेला २० ऐवजी ८ युनिटच जातात. त्यात कुणी बेशुद्ध पडत नाही, नुसती साखर महिनोन्महिने चढलेली राहते, डोस वाढत राहतो, आणि एक दिवस कुणीतरी बरोबर सिरिंज आणून देतं. तेव्हा तो वाढवलेला डोस खरा पोचतो.

तेव्हा घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर आज परत गेल्यावर बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा वाचा. पेन वापरत असाल तर काडतुसातून सिरिंजने औषध कधीही काढू नका. पेन बिघडतं, म्हणून दुसरं जवळ ठेवा. मुलांना सांगा, सुनेला सांगा, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना सांगा.

टोचायचं कसं हे पाच मिनिटांत. पोट, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, दंडाची मागची बाजू, कुल्ला. बेंबीच्या भोवतीची दोन बोटं जागा सोडायची. पोटातून ते सगळ्यात लवकर रक्तात जातं, मांडीतून सावकाश. पण ज्या स्नायूला व्यायाम मिळतो तिथून ते अचानक भराभर ओढलं जातं. रविवारी पहाटे फाट्यावरून सिंहगडला जाणारे तुमच्यात बरेच आहेत. गड चढायच्या आधी मांडीत घेऊ नका, पोटात घ्या, डोसबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, आणि खिशात ग्लुकोज असू द्या. वरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही वर पोचल्यावर मिळतं, मध्ये नाही.

दुधाळ इन्सुलिन आधी तळहातांमध्ये दहा वेळा लाटायचं आणि दहा वेळा हळुवार उलटंपालटं करायचं, अगदी एकसारखं पांढरं होईपर्यंत. खळखळून हलवायचं नाही, फेस होतो. पेनाला नवीन सुई लावली की दोन युनिट हवेत सोडून थेंब येतोय का बघायचं. आजकाल ४ मिलिमीटरची सुई मिळते, ती सरळ, काटकोनात टोचायची. लठ्ठ माणसालाही तीच पुरते. बटण पूर्ण दाबून दहा आकडे मोजायचे, मग सुई काढायची. घाई केली की दोन-तीन युनिट शर्टावर.

जागा रोज बदलायची. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ धरते, मऊ रबरासारखी. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस मुद्दाम तिथेच टोचतो, आणि गाठीतून औषध नीट शोषलंच जात नाही. साखर आज २८०, उद्या ७०, असा लपंडाव ज्यांचा चालू आहे त्यांनी पोटावरून हात फिरवून बघावा. आईच्या डॉक्टरांनी ही गाठ सापडल्यावर जागा बदलायला लावली आणि डोस मुद्दाम कमी केला. चांगल्या जागी तेच औषध पूर्ण लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

साठवण. न उघडलेलं फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या खणापासून लांब. एकदा गोठलं की ते वितळवूनही उपयोग नाही. वापरात असलेलं साधारण चार आठवडे खोलीत चालतं, पण पुण्याचा एप्रिल म्हणजे खोली नव्हे. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना डॉक्टर मातीच्या मडक्याची युक्ती सांगतात : ओल्या मडक्यात छोटा कोरडा डबा, त्यात बाटली. शेतावर राहणाऱ्यांसाठी ही खरोखर चालणारी गोष्ट आहे. न चालणारी गोष्ट म्हणजे गाडीची डिकी. सिंहगड रोडला उड्डाणपूल झाला तरी संध्याकाळी किती वेळ लागतो ते मी सांगायला नको. उन्हात तापलेल्या डिकीतलं इन्सुलिन दिसतं तसंच, कामाला मात्र नाही.

आणि ट्रॅफिकवरून दुसरं. जलद इन्सुलिन घेणाऱ्यांनी ऑफिसमध्ये टोचून "घरी जाऊन जेवतो" म्हणू नये. ताट समोर आलं की टोचा. साखर ७० च्या खाली गेली म्हणजे हायपो. थरथर, घाम, भूक, चिडचिड, धडधड. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, मग काहीतरी खायचं. पेढा, चॉकलेट, लाडू नको, त्यातल्या तुपाने साखर उशिरा चढते. ज्यांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज आहे त्यांनी साखर नव्हे, ग्लुकोजच जवळ ठेवावं, कारण ती गोळी साखर फोडूच देत नाही. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. १०८ लावा.

पंप, त्वचेवर चिकटवायचा सेन्सर, श्वासावाटे घ्यायची पावडर हे सगळं आहे. पावडरीला आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. त्याच्यावर बोलायला मला आवडलं असतं, सेन्सरचा डेटा तर माझ्या आवडीचा विषय, पण वेळ कमी आहे आणि बहुतेकांच्या घरात अजून बाटली आणि पेनच आहे. खर्चाबद्दल एकच सांगते. नवी इन्सुलिनं जुन्यांपेक्षा बरीच महाग आहेत. जुनं मानवी इन्सुलिन वेळेवर आणि नीट घेतलं तर ते आजही चांगलं काम करतं. परवडत नाही म्हणून महागडं दिवसाआड घेण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजायचं कारण नाही. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत २०२२ पासून ग्लार्जिनही आहे.

वापरलेल्या सुया. आपल्याकडे सकाळी कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात, हाताने ओला-सुका वेगळा करतात. आपली सुई त्यांच्या बोटात जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांत ती 'घरगुती घातक कचरा' म्हणून धरलेली होती. जाड प्लास्टिकची बरणी घ्या, सुया तिच्यात टाका, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर 'सुया' असं मराठीत ठळक लिहा आणि वेगळी हातात द्या, सांगून द्या. अजून बरं म्हणजे तुमच्या दवाखान्यात विचारा, कित्येक ठिकाणी घेतात.

शेवटचं माझ्या बाई आणि सरांसाठी, आणि आपल्यातल्या ज्या तिघी आज स्वतः शिक्षिका आहेत त्यांच्यासाठी. टाइप १ मधुमेह पुष्कळदा शाळेच्या वयात उपटतो, आणि त्याची पहिली खूण वर्गात दिसते. मूल सारखं "बाई, बाहेर जाऊ?" म्हणतं, पाण्याची बाटली दोन तासांत संपवतं, वाळतं, मलूल होतं. आपल्या वेळी सारखं बाहेर जाणाऱ्याला बाकावर उभं करायची पद्धत होती, आणि तेव्हा कुणालाच याची कल्पना नव्हती. आता असं मूल दिसलं तर आईवडिलांना त्याच दिवशी फोन करा, "साखर तपासून घ्या" एवढंच सांगा. उशीर झाला तर ते मूल उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशा अवस्थेत आयसीयूत पोचतं, आणि दरवेळी परत येतंच असं नाही.

निदान झाल्यावर त्याला वर्गात डबा आधी खाऊ द्या, बोट टोचून साखर बघू द्या, इंजेक्शनसाठी स्वच्छ जागा द्या, शौचालयात पाठवू नका. सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना परीक्षेला बसताना खाऊ आणि गोळ्या जवळ ठेवायला परवानगी दिली आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानेही सगळ्या राज्यांना याबाबत लिहिलं. आपली शाळा यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट बघणार नाही, अशी माझी खात्री आहे. खेळाच्या तासाच्या सरांना मात्र वेगळं सांगावं लागेल, कारण धावल्यावर साखर उतरते. पी.टी.च्या सरांच्या खिशात शिट्टीबरोबर ग्लुकोजची पुडी असू दे.

माझं बोलणं संपलं. मागच्या वर्गात, म्हणजे आपल्या जुन्या आठवी 'ब'मध्ये, एका टेबलावर मी रिकामी पेनं, लाल आणि केशरी टोपणाच्या सिरिंज आणि पाणी भरलेल्या बाटल्या मांडल्या आहेत. टोचायला संत्री आणली आहेत. जेवणाआधी येऊन एकदा हाताने करून बघा. सुया मोजलेल्या आहेत, तेवढ्याच परत बरणीत टाका. आणि ज्याने तो निरोप काढून टाकला होता त्याला : तुझं ताट मी साडेबाराला वाढायला सांगितलं आहे.